खंडोबाच्या पुढची नावं

माळेगावच्या खंडोबाचं नाव घेऊन झालं आणि मंचाच्या कडेला उभ्या असलेल्या निवेदकानं हातानं खूण केली, आवरतं घ्या. गोंधळी मामांनी ती पाहिली. चाल समेवर आणून त्यांनी दोन्ही काड्या एका मुठीत धरल्या, समोरच्या लोकांना वाकून नमस्कार केला आणि मागच्या फळ्यांच्या पायऱ्यांवरून ते खाली उतरले. टाळ्या पडल्या, मनापासून पडल्या. 'आपल्या मातीतला कलावंत' म्हणून निवेदकानं कौतुक केलं आणि लगेच पुढच्या समूहनृत्याची घोषणा केली. मी मंचामागं, जनरेटरच्या धडधडीत, भाचीच्या वेणीत गजरा खोवत उभी होते. पुढचा नाच तिच्याच शाळेचा होता. मामा माझ्यापासून चार हातांवर येऊन थांबले. गळ्यातली कवड्यांची माळ त्यांनी सारखी केली, अनवाणीच मातीवर उभे राहिले, मैदानाच्या भिंतीकडं, म्हणजे तेरणा नदीच्या बाजूला तोंड केलं आणि त्यांचे ओठ हलायला लागले. संबळ कमरेला तसाच होता, पण वाजत नव्हता. उजव्या हाताची बोटं तेवढी धाकट्या भांड्याच्या कातड्यावर टेकत होती, उठत होती. मंचावर गाणं सुरू झालेलं, त्यामुळं शब्द कळत नव्हते. एक नाव कळलं, कारण ते माझ्या कानाला लहानपणापासून माहीत आहे. काठावरची मरीआई.

मामांचं बोलावणं अजून संपलेलं नव्हतं.

ते दृश्य माझ्या डोक्यातून जाईना. तक्रार करावी असं तिथं काहीच घडलं नव्हतं. महोत्सव आमच्याच तालुक्याच्या गावचा, उघड्या मैदानावरचा. समितीतली पोरं ओळखीची. घरोघर फिरून वर्गणी गोळा करणारी, कमी पडलं तर पदरचे घालणारी. पत्रिकेत मामांच्या नावासमोर सात मिनिटं लिहिली होती आणि सात मिनिटं त्यांना मिळाली. रात्री दहाला भोंगे बंद झाले पाहिजेत, २००० सालापासून तसा नियमच आहे, आणि पोलिसांची गाडी फाटकाशी येऊन थांबलेली. आठ वाजून गेले तरी पाहुण्यांचे सत्कार चालूच होते. त्यानंतर शाळांचे नाच, त्यानंतर पुण्याहून बोलावलेला वाद्यवृंद, ज्याच्यासाठी आसपासच्या खेड्यांतून लोक ट्रॅक्टर भरून आले होते. निवेदकाच्या जागी कुणीही असता तरी त्यानं हेच केलं असतं. हे सगळं मला मान्य होतं, आणि तरी औशाच्या पुढं गाडीच्या काचेवर दव धरायला लागलं तेव्हाही मी त्या हलणाऱ्या ओठांचाच विचार करत होते. लातूरला घरी पोचल्यावर लक्षात आलं की मला टोचतंय ते सात मिनिटं हे नाहीच. ती सात मिनिटं कुठं येऊन संपली, ते टोचतंय.

गोंधळात आधी बोलावणं असतं. चौक मांडायचा, दिवा लावायचा आणि एकेका देवाला त्याच्या गावासकट हाक घालायची, गोंधळाला ये. या हाका वाटेल तशा घालत नाहीत. थोरल्यांना आधी. मामा कदमराई, म्हणजे तुळजाभवानीकडचे, त्यामुळं त्यांची पहिली हाक तुळजापूरला. मग माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, वणीची सप्तशृंगी, अंबाजोगाईची योगेश्वरी. मग जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, शिखर शिंगणापूरचा महादेव, परळीचा वैजनाथ, औंढ्याचा नागनाथ, माळेगावचा खंडोबा. इथवरची नावं महाराष्ट्रात कुणालाही सांगा, मान डोलावेल. माळेगावनंतर मात्र ही यादी मोठा रस्ता सोडून पांदीला लागते. काठावरची मरीआई. वेशीतला मारुती. पांढरीचा म्हसोबा. डोहातल्या साती आसरा. पिंपळाखालचा मुंज्या. शिवेवरचा पीर, ज्याला मामा त्याच सुरात, त्याच मानानं बोलावतात. मग ज्या घरी गोंधळ असेल त्या घरचा देव्हारा आणि शेवटी त्या घरातली गेलेली माणसं, एकेकाचं नाव घेऊन. हा क्रम मला पाठ आहे, कारण लहानपणी आम्ही गोंधळ-गोंधळ खेळायचो. कमरेला डालड्याचे दोन डबे बांधून, काड्यांनी बडवत, मामांच्या आवाजात. त्यांचा आवाज काढायचा तर 'ये' म्हणताना स्वर नाकात चढवून एकदम सोडून द्यावा लागायचा. माझ्या चुलतभावाला ते बरोबर जमायचं.

थोडक्यात, त्या रात्री मंचावरून जे देव बोलावले गेले ते सगळे दूरचे, नावाजलेले. मैदानात बसलेल्या लोकांचे स्वतःचे देव वेळेत बसले नाहीत.

माझ्या आठवणीतला शेवटचा पुरा गोंधळ जुन्या घरातला. १९९३ च्या उन्हाळ्यात धाकट्या काकांचं लग्न झालं, त्याचा. आमचं घर माळवदाचं. दोन-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर तुळया आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. भर वैशाखात आत पाऊल टाकलं की अंगावर गार सावली पडायची. मधल्या चौकात पाच ऊस शेंड्याशी बांधून उभे केलेले, खाली नव्या खणावर धान्याचा चौक, कलश, विड्याची पानं, खारका, हळकुंडं. चौकाच्या कडेनं आम्ही पोरं गोधड्यांत पडलेलो. संबळ ऐकायचा तो असा, जमिनीला पाठ लावून. थोरल्या भांड्याचा घुमारा आधी पाठीला कळतो आणि मग कानाला. त्यावर धाकट्याची कडकडीत टिपरी, तुणतुण्याची एकच तार, आणि दिवटीच्या जळक्या तेलाचा वास. मधेच कुणी बाई उठायची, पळीनं दिवटीवर तेल सोडायची, ज्योत फसकन वर जायची आणि मामांच्या कपाळावरचा मळवट, खालच्या अंगरख्याचा घेर, भिंतीवरचे कोनाडे सगळं एकदम लाल दिसायचं. आख्यान कधी लागायचं ते आम्हाला कधीच कळलं नाही, कारण तोवर झोप लागलेली असायची. झोपेतच 'उदो उदो' म्हणायचो.

त्या रात्रीतलं एक लख्ख आठवतं. घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घ्यायची वेळ आली तेव्हा मामा आजीजवळ येऊन वाकले. आजीनं सासऱ्याचं नाव सांगितलं, सासूचं सांगितलं, एका लहानपणीच गेलेल्या लेकराचंही सांगितलं. आजोबांचं काही केल्या घेईना. साठी उलटलेली बाई, नवरा जाऊन कितीतरी वर्षं झालेली, पण भरल्या चौकात त्यांचं नाव तोंडातून काढायचं तिला जमेना. तिनं मला गोधडीतून हलवून उठवलं आणि म्हणाली, सांग गं तुझ्या आज्याचं नाव मामाला. मी सांगितलं. मामांनी ते उचललं, संबळाच्या एका ठोक्यावर ठेवलं आणि चौकात मोठ्यानं घेतलं. आजीनं पदर डोक्यावर ओढून घेतला. नऊ वर्षांच्या पोरीला त्यातलं काय कळणार. पण आपण झोपेतून उठून सांगितलेलं नाव एवढ्या मोठ्या आवाजात वाजतं याचा मला फार अभिमान वाटला होता.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला, गणपती बोळवून गाव झोपलेलं असताना, पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. त्याबद्दल आमच्या भागात कुणी कुणाला सांगत नाही, सगळ्यांना आपापला माहीत आहे. ज्या भिंतींनी उन्हाळ्यात गारवा दिला त्याच दगडमातीच्या भिंती आणि वरचा मातीचा थर हजारो माणसांच्या अंगावर आला. आमच्या घरातून आम्ही बाहेर निघालो. आजी निघाली नाही.

नंतर ५२ गावं जुनी जागा सोडून नव्या जागी वसवली गेली, त्यात आमचंही. नवं गाव सरळ ओळींचं, रुंद रस्त्यांचं, घरांना क्रमांक असलेलं. घरं मजबूत आहेत आणि त्यांच्यात माणूस निर्धास्त झोपतो. ज्यांनी ती पहाट पाहिली आहे त्यांच्यासाठी ही गोष्ट लहान नाही. नव्या मारुतीचं देऊळही बांधलं, छान आहे. पण काठावरची मरीआई तिथंच राहिली. डोहातल्या साती आसरा उचलून कुठं नेणार? पीर तिथंच. जुन्या गावठाणावर आता बाभळी आणि चिल्लारी माजली आहे, वाटेत घडीव दगड लागतात, एखाद्या जोत्याची कड लागते. आखाडात काही बायका नैवेद्य घेऊन जातात. त्यांच्या सुना जात नाहीत, त्यांना तिथलं काही आठवत नाही, मग कशाला जातील? माझी भाची पंधरा वर्षांची आहे. तिच्या दृष्टीनं आमचं गाव पहिल्यापासून सरळ ओळींचंच आहे.

मामा मात्र अजून जुन्या पत्त्यावर हाक घालतात. 'जुन्या पांढरीच्या म्हसोबा, गोंधळाला ये.' आमच्या गावाचं ते रूप, कुठल्या झाडाखाली कोण आणि कुठल्या वळणावर कोण, हे आता मोठ्यानं म्हटलं जातं ते फक्त तिथं. तलाठ्याच्या नकाशात गावठाणाची हद्द मिळेल, मुंज्याचा पिंपळ मिळणार नाही. म्हणून मला त्या खुणेनं एवढं अस्वस्थ केलं. मैदानात निम्म्याहून जास्त लोक नव्या गावठाणांतले होते. त्यांच्या पोरांनी ती नावं त्या रात्री एकदा ऐकली असती.

पुढच्या रविवारी मी मामांकडं गेले. घरापुढं पत्र्याच्या सावलीत बसून ते संबळाच्या दोऱ्या ताणत होते. जवळून पाहिला तर हा संबळ फार सोसलेला दिसतो. धाकटं भांडं तांब्याचं, हातांनी घासून गुळगुळीत झालेलं, थोरलं लाकडाचं. भूकंपानंतर चौथ्या दिवशी तो ढिगाऱ्यातून निघाला तेव्हा थोरल्या भांड्याला बोटभर चीर गेली होती. मामांनी तिच्यावर पत्र्याची पट्टी खिळे मारून बसवली, ती अजून तशीच आहे. काड्याही दोन तऱ्हेच्या: एक सरळ, बारीक, धाकट्यासाठी, दुसरीचं टोक वळवून गोल केलेलं, थोरल्यावर घुमवण्यासाठी. थंडीत रात्री दव पडलं की कातडं सैलावतं, आवाज बसतो, मग दिवटीच्या धगीवर ते शेकून घ्यायचं. महोत्सवाच्या रात्री तसं शेकता आलं नव्हतं. मंचावर गालिचा अंथरलेला, मागं कापडी पडदे, त्यामुळं आग नको, असं मंडपवाल्यानं बजावलेलं. मामा पोत, म्हणजे देवीची मशाल, हातात घेऊन मंचावर गेले होते, पण विझलेला. माझ्या तर तिथं ते लक्षातही आलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं, आणि पहिल्यांदा त्यांच्या बोलण्यात थोडी खंत आली.

"पोत पेटला न्हाई तर ती बघणार कुठून, माय? अंधारात कुणाला बोलवायलास, म्हणल की ती."

ध्वनिवाल्या पोरानं त्यांच्यासमोर एकच माईक लावला होता आणि हलू नका म्हणून सांगितलं होतं. गोंधळी हलल्याशिवाय कसा वाजवील? त्याचं निम्मं वाजवणं पायांत असतं. तरी मामा त्या पोरावर रागावलेले नव्हते. "त्यानं लई चांगला आवाज दिला," म्हणाले. "येवढ्या लांब आपला संबळ कधी गेला नव्हता. पाटलाच्या मळ्यात ऐकू आला म्हणं." हे सांगताना त्यांचा चेहरा फुलला होता. मला वाटलं होतं की मी एका दुखावलेल्या माणसाला भेटायला चालले आहे. दुखावलेली मी होते. मामांनी आतून एक प्लास्टिकची पिशवी आणली. तीत शाल होती, घडीसुद्धा न मोडलेली, आणि महोत्सवाचं सहभागाचं प्रमाणपत्र. त्या कागदावर त्यांचा फार जीव होता, आणि का, ते ऐकल्यावर माझ्या घशाशी आलं. वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठी त्यांना अर्ज करायचा आहे. अर्जाला कला सादर केल्याचे पुरावे जोडावे लागतात. बापापासून चालत आलेल्या गावांत, लग्नामागून लग्नं, रात्रीमागून रात्री ज्यानं गोंधळ घातला, त्याच्याकडं त्या रात्रींचा कागद एकही नाही. चौकात कोण कुणाला प्रमाणपत्र देतं? सात मिनिटांचा मात्र कागद मिळाला, शिक्क्यासकट. हे ऐकल्यावर त्या मंचाबद्दल वाईट बोलायची माझी इच्छा राहिली नाही. त्या मंचानं त्यांना जे दिलं ते आमच्या चौकांनी कधी दिलं नव्हतं.

आणि मंच म्हणजे गोंधळाचा शत्रू, असंही काही नाही. पैठणच्या नाथांनी सोळाव्या शतकात भारुडासाठी गोंधळ उचलला, जोगवा उचलला, तेव्हाच तो घरच्या चौकातून लोकांपुढं आला होता. परभणीचे गोंधळमहर्षी राजाराम कदम यांनी तो मोठमोठ्या मंचांवर नेला आणि त्यामुळं आमच्याकडच्या कितीतरी गोंधळ्यांना आपण कलावंत आहोत हे पहिल्यांदा कुणी तरी म्हटलं. मामाही त्यांचं नाव काढताना कानाच्या पाळीला हात लावतात. प्रश्न उंच फळ्यांचा नाही. प्रश्न एवढाच की वेळ कमी पडला की कापायचं काय, आणि कात्री प्रत्येक वेळी जवळच्यावरच का चालते. बाहेरून आलेल्या पाहुण्याचा सत्कार कापता येत नाही, कारण तो लांबून आलेला असतो. शेजारच्या गल्लीतला कलावंत काय, आपलाच आहे, समजून घेईल. तो समजून घेतोही. मारुती, मरीआई, म्हसोबा हेही आपलेच.

मी मामांना एक तोडगा सुचवला. मंचावर वेळ थोडा असेल तर आपल्या गावचे देव आधी घ्या. मरीआई, मारुती, पीर, आणि मग जमलं तर तुळजापूर, माहूर. मोठ्यांना बोलावणारे सगळीकडं आहेत, आमच्या मुंज्याला तुमच्याशिवाय कोण बोलावणार? मामांनी दोऱ्या ताणायच्या थांबवल्या आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं पटलं. मग म्हणाले, "थोरलीला सोडून धाकट्याला पहिला पाट दिला तर धाकटा तरी बसंल का त्याच्यावर? तुझ्या लग्नात तुझ्या चुलत्याच्या आधी तुला वाढलं असतं तर तू जेवली असतीस का?" मी गप्प बसले. "मग म्हसोबाला कशाला तसल्या पेचात घालायचं? आणि माझं म्हणशील तर मी म्हणलीच की सगळ्यांची नावं, मागं. माईक न्हवता म्हणून देवाला ऐकू जात न्हाई व्हय?"

"देवाला गेलं, मामा," मी म्हणाले. "आमच्या पोरींना नाही गेलं."

यावर त्यांनी माझ्याकडं जरा निरखून पाहिलं. "मग येळ वाढवून माग," म्हणाले. "देव कमी करू नको."

उठायच्या आधी त्यांनी मला करपल्लवी, म्हणजे हाताच्या खुणांची भाषा, दाखवली. महोत्सवासाठी नातवाला घेऊन त्यांनी ती बसवली होती, पण ती दाखवायची पाळीच आली नाही. नातू अकरावीला आहे, एरवी बँजो पार्टीत की-बोर्ड वाजवतो आणि लग्नसराईत आजोबांपेक्षा जास्त कमावतो. त्याला अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, तुळशीपलीकडं उभं केलं. मामा म्हणाले, माझ्या कानात कुणाचंबी नाव सांग. मी आजीचं सांगितलं. मामांनी मान हलवली आणि हात वर केला. हाताचा नागफणा झाला की स्वर, कमळ झालं की 'क'ची ओळ, बोटानं चक्र काढलं की 'च'ची, अशी एकेका ओळीला एकेक खूण. मग जितकी बोटं तितकवं अक्षर. आणि काना-मात्रा-वेलांटीसाठी चुटक्या. पाचही बोटं जुळवून त्यांनी कमळ केलं, मग तीन बोटं दाखवली, मग चुटक्या वाजवल्या. त्यांच्या बोटांची पेरं जाड झालेली आहेत, करंगळी नीट वाकत नाही, पण खुणा इतक्या भराभर होत होत्या की मला पहिल्या अक्षरापुढं काही लागेना. पोराची नजर हातावरून हलत नव्हती. मामांचा हात खाली आला आणि त्यानं, भूकंपानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेल्या त्या पोरानं, अंगणापलीकडून माझ्या आजीचं नाव खणखणीत आवाजात घेतलं. आमच्या घरातही तिचं नाव इतक्या मोठ्यानं कुणी घेत नाही. आम्ही तिला आजीच म्हणतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलं नाही, आणि मामांनीही काय झालं म्हणून विचारलं नाही. नातवाला मात्र वाटलं की आपलं अक्षर चुकलं. त्यानं विचारलं, "बरोबर आलं का, आत्या?"

बरोबर आलं होतं. वेलांटीसकट.

त्यानंतर मी समितीच्या पोरांशी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, आणि मनापासून घेतलं. पुढच्या जानेवारीत पहिल्या दिवशी, सत्कारांच्या आधी, दिवे लागणीला गोंधळ ठेवायचा असं ठरतंय. नुसतं आवाहन किती वेळ चालतं ते मामांनी नातवाच्या मोबाईलवर लावून पाहिलं. आमच्या भागातल्या सगळ्या जुन्या गावठाणांचे देव धरून एकवीस मिनिटं होतात. समितीतल्या एकाची शंका होती की एवढी नुसती नावं ऐकून लोक कंटाळतील. त्याचं गाव सास्तूरकडचं. मामांनी त्याला त्याच्या जुन्या गावची वेस, वेशीजवळची विहीर आणि विहिरीवरची लक्ष्मी अशी ओळीनं म्हणून दाखवली, तेव्हा तो म्हणाला की ही विहीर माझ्या पणज्यानं बांधलेली, तुम्हाला कशी माहीत? त्यानंतर त्यानं वेळेचा विषय काढला नाही. त्याला आता आणखी दोन गावांतली नावं मिळवायची आहेत, जिथं मामांचं जाणं-येणं नव्हतं. तिथली म्हातारी माणसं कोण उरली आहेत त्याची यादी तो करतोय.

मंच नकोच, असं माझं म्हणणं आहे. मंचासमोरची जागा मोकळी सोडायची, मातीवर चौक मांडायचा, लोकांनी भोवती बसायचं आणि माईक वरून टांगायचा, म्हणजे मामांना फिरता येईल. म्हाताऱ्या बायकांना पुढं बसवायचं, कारण गेलेल्यांची नावं त्यांनाच विचारावी लागणार, आणि प्रत्येकीजवळ एखादी नात हवी. ऊस आमच्या शेतातला आहे. मामांना तेल करडईचंच पाहिजे, तेही मिळेल. राहिला प्रश्न पोत पेटवायचा. मातीवर असेल तर हरकत नसावी असं मला वाटतं, पण पडदे किती लांब बांधायचे ते मंडपवाल्याच्या हातात, आणि त्याच्याशी बोलणं अजून व्हायचं आहे.